फुकनीवाल्यांची दोननळी

हॅलो?… कोन?… अवं मीरा, तू होय? हा कोनाचा नंबर वं?… करिष्माचा? मले वाटलं पुन्हा थे प्लॉटवाले. नागपूरले या बेसात राह्याले आलो तवापासून रोजचे फोन येऊन राहिले, मॅडम प्लॉट पाहिजे का म्हनून. मी म्हनते, बाबा, आहे त्या फ्लॅटात नळाले पानी येऊ दे आधी.

हो, हो… बोल ना. नाही, झोपली नव्हती. मेथी निवडून राहिली.

हे? घरी नाहीत. खाली पार्किंगमधी चकरा मारून राहिले… सकाळपासून… नाही वं, तब्येत बरी आहे. पित्त झालं थोडं.

हो, विचारलं ना… म्हनजे, विचारनार होती… अवं ऐक ना. मले काय समजत नाही? आपल्याले भाऊ नाही. करिष्माच्या मागं मामा म्हनून उभं राह्याले हेच पाहिजेत, हे मले सांगावं लागते का? माह्या अश्लेषाच्या लग्नात काय झालं थे मी विसरली का? मावशीचा नवरा म्हनून रुपरावजींचा मान होता तो. पन यायनं त्याईले बोलावलंच नाही, अन् उभं केलं कोनाले, तं उमरेडच्या त्या दूरच्या गोविंदाले. चौथ्या मंगलाष्टकाले पाहते तं मामा गायब. पंगतीत बसून बुंदी खाऊन राहिला. पोरगी एकटी उभी होती पाटावर. माह्या डोळ्यासमोरून जात नाही मीरा ते. तुह्या पोरीचं तसं नाही होऊ द्यायची मी.

नाही, कार्ड भेटलं. वॉचमननं देल्लं. रुपरावजी येऊन गेले खालपर्यंत, अन् वर नाही आले… हो, मी खिडकीतून पाहिलं त्याईले. हाक मारनार होती, पन हे मागंच उभे होते. कार्डावर यायचं नाव मोठ्या अक्षरात छापलं तुमी, ते पाहिलं यायनं. दोनदा चष्मा पुसून पाहिलं. मंग म्हनाले, त्या फुकनीवाल्याच्या मांडवात पाय नाही ठेवनार.

हो वं… मी काय कान बंद करू का त्यायच्या तोंडासाठी? म्हनतेत. अजूनही म्हनतेत. हां, पन परवापासून नाही म्हनले. परवापासून तो शब्दच बंद झाला.

काही नाही… अवं काही नाही झालं… मीरा, मले शपथ घातली आहे. मीराले सांगशीन तं याद राख म्हनाले. अशा घरात मी…

आता रडू नोको वं. थांब. थांब, दार लावून येते… हं. लिफ्टचा आवाज आला की मी भाजीबद्दल बोलीन, तू समजून घेजो. ऐक.

आमची बंदूक पाह्याले मानूस आला होता परवा.

नाही, विकाची नाही! विकाचं नाव काढलं तं हे अंगावर येतेत. यायले गिऱ्हाईक नोको, फक्त आकडा पाहिजे. त्या आमच्या भाऊबंदाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोनंतरी टाकलं, की अशीच जुनी दोननळी, बाहेर घोडे असलेली, विलायतेत लिलावात कितीतरी लाखाले गेली. झालं. यायनं तवाच लिहून टाकलं, आमच्यावाली अंदाजे पंचवीस लाख. खाली सगळ्याईचे हात जोडलेले. मंग दुर्गेशनं विचारलं, भाऊ, अंदाजे म्हनजे कोनाचा अंदाज? तं मानूस शोधनं आलं.

मधुसूदन म्हनून आहे एक. जुन्या बंदुका ओळखते. मोबाईलवर व्हिडिओ आहेत त्याचे. नळीत एक डोळा लावते अन् अर्धा घंटा बोलते… हो, यायनं सगळे पाहिले. जेवताना पन तेच. मी म्हनलं, एखाद्या दिवशी माह्याकडं असं डोळा लावून पाहा. तं म्हने, तुले काय पाह्याचं, तुले ओळखतो मी.

आला तो. हातात पांढरे मोजे, गळ्यात भिंग. सोफ्यावर बसला, अन् आधी म्हने लायसन दाखवा. दाखवलं. मंग चहा. मंग म्हने, इतिहास सांगा. तुले तं माहीत आहे इतिहास सांगा म्हनल्यावर हे कसे होतेत… हो, तेच. आजसासऱ्यानं साहेबाले वाघाच्या तोंडातून ओढून काढलं अन् साहेबानं खूश होऊन स्वताची बंदूक देल्ली. आधी माह्या लग्नात ऐकलं तवा तो बिबट्या होता. अश्लेषाच्या बारशाले वाघ झाला. परवा मधुसूदनले सांगतलं तं वाघीन, सोबत दोन पिल्लं.

हसू नोको. पुढचं ऐक.

त्यानं बंदूक उघडली. मधातून मोडली ना वं, अशी. मी किंचाळलीच, मले वाटलं तोडली… मले काय माहीत ती उघडते म्हनून? एवढी वर्षं आमी तिची पूजा केली, ती उघडते हे कोनं पाह्यलं? मंग भिंग लावून पाह्याले लागला. हळूहळू त्याचं तोंड फुलत गेलं. म्हने, साहेब, ही खरंच विलायती आहे. कारखान्याचं नाव सांगतलं त्यानं, माह्या नाही ध्यानात राह्यलं. म्हने, या नळ्या साध्या नाहीत. लोखंडाच्या पट्ट्या पिळून पिळून, वेनी घालतो तशा गुंडाळून बनवल्या. यायचं छातीचं बटन तुटाचं बाकी राह्यलं. माह्याकडं अशा नजरेनं पाह्यलं, जसा कारखाना यायनंच काढला.

अन् मंग त्यानं विचारलं, ही एवढी चकचकीत कोनं केली?

हे अभिमानानं म्हनाले, आमची मंडळी. दरवर्षी दसऱ्याच्या आधी चिंच, मीठ अन् राख लावून घासते.

तो मानूस वं, आपल्याकडं मयतीत बसतेत तसा बसला. म्हने, वहिनी, या नळ्याईवर तपकिरी झाक होती, तिच्यावर ती वेनीची नक्षी दिसे. तुमी ती घासून काढली. बाजूच्या पट्टीवर बदकं कोरली होती. तुमी बदकं पन घासली… अवं मले वाटे ते ओरखडे होय. दरवर्षी घासते अन् जात नाहीत, म्हनून मी अजून जोर लावू.

बोलले ना! मधुसूदन समोर होता तरी बोलले. म्हने, हिनं घरान्याचं नाक घासलं. मी काहून ऐकून घेऊ? तुमच्या आईनं शिकवलं तसं केलं. देवाची समई घासाची, गडवा घासाचा, बंदूक घासाची. ही घासाची नाही म्हनून कोनी सांगतलं? मधुसूदन म्हने, चार लाख झाले असते, आता चाळीस हजार, तेही घेनाऱ्याच्या मनावर. माह्या चिंचेनं यायचे पंचवीस लाख कुठं गेले ते मले अजून समजलं नाही.

नाही वं, हे काहीच नाही. खरं तं पुढं आहे.

मधुसूदननं ती बंदूक उचलली अन् मागून पाह्यलं. असा एक डोळा मिटून, दस्त्याकडून. मंग खांद्याले लावली. मंग दुसऱ्या खांद्याले लावली. म्हने, साहेब, तुमचे आजोबा डावखुरे होते का?

यायले काय वाटलं, डावखुरं असलं तं भाव वाढते. लगेच म्हनाले, हो, डावखुरेच.

तो म्हने, तरीच. हा लाकडी दस्ता डाव्या बाजूले वळवला आहे. डाव्या हाताच्या मानसासाठी मुद्दाम बनवून घेतला. उजव्यानं धरली तं नेम लागनारच नाही, उलट गालफड फुटन.

अन् माह्या तोंडातून निघालं, मंग हा फोटो?… तोच वं, हॉलमधला. आजसासरे बंदूक धरून उभे आहेत, उजव्या खांद्याले लावून. आमी सगळेच वर पाह्याले लागलो. हे म्हनाले, फोटो उलटा छापला असन. मी म्हनलं, उलटा छापला तं मागची दुकानाची पाटी सुलटी कशी वाचता येते?

हो… मीच बोलली. मले काय माहीत पुढं काय निघनार.

मंग मधुसूदन म्हने, आपन नंबर पाहू. नंबर खालच्या पट्टीवर, बोटं जातेत तिथं. पन तिथं मी कवाच घासलं नाही. सासूबाई म्हनत, तिथं देवीचा वास आहे, तिथं फक्त हळदकुंकू वाह्याचं. एवढ्या दसऱ्याची हळद थापलेली, वरून तेल. दगड झाला होता त्याचा. त्यानं माहाच ब्रश घेतला, दाताचा… नाही, जुना होता. आता फेकला. खरवडत बसला. यायनं देवीची माफी मागितली आधी, हात जोडून, मंग खरवडू देल्लं. अन् निघाला नंबर. लायसनवरचा वेगळा, बंदुकीवरचा वेगळा.

हो. वेगळा. एकही आकडा जुळत नाही.

तो मानूस असा उठला जसा खुर्चीत विंचू निघाला. मोजे काढले, भिंग खिशात टाकलं. म्हने, साहेब, मी काही पाह्यलं नाही, मी तुमच्याकडं फक्त चहा प्यालो. लायसन एका बंदुकीचं अन् घरात दुसरीच, म्हनजे तुमच्यावर गुन्हा आहे. लिफ्टची वाट न पाहता पायऱ्यानं उतरला. व्हिडिओ पन काढला नाही.

अवं लायसन नवं करतानी कागदच जाते ना, बंदूक घरीच राहते. अन् इलेक्शनच्या वक्ताले ठान्यात जमा करतेत, तं तिथं नंबर लायसनवरूनच उतरवतेत. बंदुकीवरची हळद कोन खरवडते? त्याईलेही देवीचं भेव असते.

मंग आमी दोघंच बसलो. मधात टेबलावर ती.   मीरा, मी काय वेडी आहे? आपल्या गावात बंदुका किती? दोन. एक आमच्या घरची, एक तुमच्या घरची. अन् गावात डावखुरं घर कोनतं? तुमचं. रुपरावजी डावखुरे, त्यायचे बाप डावखुरे, आजा डावखुरा. करिष्मा लहानपनी डाव्या हातानं जेवे म्हनून तू तिच्या हातावर मारे…

मीरा?

हॅलो?… हॅलो, ऐकू येऊन राहिलं का? ऐकू येते ना? मंग बोल ना काही.

मी तेच म्हनते. ठान्यात बदलली. त्या इलेक्शनच्या वेळी, जवा मामंजी स्वता गेले होते आनाले. सासरे होते तवर बंदुकीले हे हात लावत नव्हते. मामंजी खांद्यावर टाकून आले, गावभर मिरवत. तवापासून आमी तुमची बंदूक पूजून राहिलो वं. तुमच्या बंदुकीले मी चिंच लावली. तुमची बदकं घासली मी… नाही, ते हसन्याचं नाही, मले खरंच वाईट वाटून राहिलं.

अन् यायचे हाल पाह्य. दसऱ्याले शिलंगणाले कोन पुढं? आमी. काहून, तं आमची बंदूक विलायती. तुमी मागं. अन् त्या पहिल्याच दसऱ्याले यायनं वेशीवर सगळ्या गावासमोर तुमच्या बंदुकीकडं हात करून म्हनलं ना, ही नळी नाही, चुलीतली फुकनी आहे… हो, माहीत आहे मले. तवापासून सगळं गाव तुमाले फुकनीवाले म्हनते. करिष्माले शाळेत म्हनत. तू सांगतलं होतं मले, ती रडत घरी आली होती. तिच्या सोयरिकीच्या वेळी पन पाहुन्याईनं विचारलं ना, फुकनीवाले म्हनजे तुमीच का?

आता ती फुकनी कोनाची? आमची. आमच्या आजसासऱ्याची. साहेबानं देल्लेली. वाघिनीच्या तोंडातली.

म्हनून हे पार्किंगमधी फिरून राहिले. लाजेनं नाही, भेवानं. म्हने, रुपरावले समजलं तं तो उद्या पोलिसात जाईन, मी आत. मी म्हनलं, तुमी आत तं तेही आत, त्यायच्याजवळही दुसऱ्याचीच आहे. तं म्हने, मंग दोघंही आत, करिष्माच्या मागं कोन उभं राहीन? पहिल्यांदा करिष्माचं नाव काढलं यायनं. मले तेवढ्यातही बरं वाटलं.

तू काहून गप आहेस वं? मघापासून मीच बोलून राहिली. रागावली का? हे पाह्य, रुपरावजींले एवढ्यात नोको सांगू. आधी आपन दोघी…

काय?

काय माहीत होतं?… कोनाले?

रुपरावजींले?… कवापासून?

नाही, थांब. थांब मीरा, हळू सांग. त्याच दिवसापासून म्हनजे? ते होते ठान्यात?… हो… हो… स्वताची आनाले गेले होते… बंदुकीवरच्या नावाच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या… मंग?

हवालदार म्हने, ज्याची त्यानं ओळखा. बरं.

मामंजीनं हात फिरवला… हं. हात फिरवून म्हनाले, ही माही.

अन् रुपरावजींनं पाह्यलं?… समोरच होते… मंग बोलले काहून नाही? एवढं मोठं…

…

काय म्हनलं?

पुन्हा सांग.

हो… हो वं. नव्हतं दिसत मामंजीले. मोतीबिंदू पिकून गेला होता. पन आमालेच ते मागून समजलं. घरात कोनाले सांगतलं नव्हतं त्याईनं. सकाळी पेपर धरून बसत ओसरीत, पानं उलटवत. मी चहा ठेवला की विचारत, आज काय छापलं त्यात, तू वाचलं का? मी सांगू. मले वाटे, सुनेची परीक्षा घेऊन राहिले… रुपरावजींले कसं समजलं?

असं. बंदूक उचलतानी टेबलाचा कोपरा चाचपला. अन् नळीकडची बाजू दस्त्याची समजून खांद्याले लावाले गेले… अन् रुपरावजींनं सुलटी करून देल्ली? स्वताच्या हातानं?

स्वताची बंदूक. स्वताच्या हातानं खांद्यावर ठेवून देल्ली.

…

आहे, आहे मी. ऐकून राहिली. सांग.

हो… ठान्यात दहा मानसं असन. त्याईच्यासमोर म्हनलं असतं, मामा, ही तुमची नाही, तं म्हाताऱ्याची लाज गेली असती. खरं आहे. मामंजी त्या लाजेनंच गेले असते. पाटीलकीचा केवढा तोरा होता त्यायले… मंग घरी गेल्यावर तरी सांगाचं ना? मंग तरी?

घरी सांगाले येनारच होते… अन् त्याच्या आधी दसरा आला. अन् यायनं वेशीवर फुकनी म्हनलं.

अवं देवा.

मंग काहून सांगनार. मी असती तं मी पन नसतं सांगतलं… नाही, पन एवढी वर्षं! गाव फुकनीवाले म्हने, एका शब्दानं तोंड बंद करता आलं असतं त्याईले. मामंजी गेले त्यालेही कितीक वर्षं झाले. मामंजी गेल्यावर तरी…

काय म्हनते?… ‘मेलेल्या मानसाले काहून आंधळं म्हनाचं.’ असं म्हनाले?

थांब मीरा. थांब जरा. पदर शोधते… नाही, रडून नाही राहिली. मेथीच्या मातीचे हात डोळ्याले लागले.

अन् तुले कवा सांगतलं त्याईनं?… त्याच वर्षी? अन् तू मले नाही बोलली? सख्ख्या बहिनीले? मी तुले माह्या सासूची गाऱ्हाणी सांगे, गॅस संपला तरी सांगे, अन् तू एवढं पोटात घेऊन बसली?… हो, शपथ. शपथ मले पन घातली होती परवा. पाह्य किती टिकली. तू आबावर गेली वं, मी आईवर गेली.

बरं एक सांग. ती आमच्यावाली, ती कुठं आहे? म्हनजे फुकनी… कुलपात. घासली तं नाही ना तुनं?… कवाच नाही? मंग काय करता?… नुसतं तेलाचं फडकं. अन् पूजेले एक फूल. बस?… हं. आमच्याकडं केवढा थाट, चाळीस पानं उठत दसऱ्याले, अन् वाटोळं केलं. तुमी एक फूल वाह्यलं अन् जशीच्या तशी ठेवली. तिच्यावर काय लिहिलं आहे वं? कवा पाह्यलं?… नळीखाली? बेल… हो. बेल्जियम. मंग साहेब पन खोटाच बोलला म्हनाचा. विलायतेची म्हनून बेल्जियमची टिकवली. वाघिनीच्या तोंडातून काढल्याचं हे बक्षीस.

हो, मी नाही सांगनार यायले. बेल्जियमचं नाही सांगनार. पन बाकीचं…

नाही मीरा, बाकीचं सांगावं लागन. हे पाह्य, मानूस वाईट नाही तो. तोंडाचा फाटका आहे. बापावर जीव होता त्यायचा. मामंजी गेले तवा तेरा दिवस यायनं पायात चप्पल घातली नाही, एप्रिलच्या उन्हात. यायले कोनी हे सांगतलं असतं ना, की तुह्या बापाची लाज ज्यानं झाकली, त्यालेच तू गावात…

थांब. लिफ्ट.

हो, तेच आहेत. हो वं, मेथी काय भाव आहे काटोलले? आमच्याकडं तं बाई… अन् संत्रं? या वर्षी आंबिया बहार बरा आहे म्हनतेत…

या. चपला बाहेर काढा. फरशी पुसली आहे… कोन काय, मीरा आहे… नाही, ठेवत नाही मी फोन… हात नोका करू असे, मी ठेवत नाही म्हनलं ना… संत्र्याचं बोलून राहिलो आमी.

नाही. संत्र्याचं नाही.

सांगतलं मी. सगळं सांगतलं… ओरडू नोका. खाली वॉचमन ऐकते. शपथ मोडली, मोडली. मेली मी तं तुमालेच स्वैपाक करावा लागन. बसा आधी… बसा हो. पानी घ्या.

मीरा, फोन नोको ठेवू. धरून राह्य.

ऐका. त्या दिवशी ठान्यात रुपरावजी होते. त्याईनं पाह्यलं, मामंजीनं त्यायची बंदूक उचलली… मधात नोका बोलू… मामंजीले दिसत नव्हतं हे आपल्या घरात कोनाले माहीत नव्हतं तवा त्याईले समजलं होतं. दहा मानसासमोर म्हाताऱ्याची लाज जाऊ नये म्हनून ते काही बोलले नाहीत. मामंजीनं उलटी धरली होती, ती सुलटी करून खांद्यावर ठेवून देल्ली, अन् तुमची घेऊन घरी गेले. मंग तुमी वेशीवर जे बोलले ते बोलले. तरी आजपर्यंत त्याईनं तोंड उघडलं नाही.

…

मीरा, आहे ना तू? थांब. हे बसले आहेत.  फोटोकडं पाहून राहिले… आजसासऱ्याच्या नाही. मामंजीच्या.

पानी प्या ना.

काय म्हनलं?… हो, पेपर धरून बसत. मले माहीत आहे. तुमालेही माहीत होतं का?… उलटा दिसला होता एकदा? अन् तुमी काय केलं?… सुलटा करून देल्ला. अन् काही बोलले नाही.

मंग. तेच तं केलं त्याईनं.

मीरा, रुपरावजी आहेत का वं घरी?… मांडववाल्याशी बोलून राहिले? राहू दे मांडव. दे बरं त्याईच्या हातात फोन… काही नोको सांगू, नुसता दे.

तुमी काहून उठून राहिले? कुठं जाता? पार्किंग कुठं पळून नाही जात. घ्या हा… काय बोलू म्हने! करिष्माच्या मागं मी उभा राहतो, एवढं बोला. बंदुकीचं मंग. जिल्हा परिषदेची आचारसंहिता लागली की दोघंही जमा कराले सोबत जा, अन् उचलतानी आपली आपली उचला. डोळे आहेत ना दोघाईले?… गुन्ह्याचं तवा पाहू. दोघं सोबत असले की अर्धं भेव कमी होते.

हो रुपरावजी, मी देवकी. नमस्कार… हो, बरे आहेत सगळे. एक मिनिट, हे बोलतेत.

धरा. कानाले धरा. असा नाही, उलटा आहे… तोंडाकडची बाजू खाली… अवं! काय दाबलं तुमी? कट केला? लाल बटन काहून दाबलं, बोलाच्या आधीच?… एवढ्या जोरानं काहून धरता, बंदूक आहे का ती?

आता त्याईले वाटलं असन, मुद्दाम ठेवला. झालं. पुन्हा पंधरा-वीस वर्षं…

थांबा. वाजून राहिला.

तेच आहेत. पाहा, करिष्माचा नंबर. मुद्दाम ठेवला असं नाही वाटलं त्याईले. तुमाले वाटलं असतं.

मी नाही उचलत. माहे हात मेथीचे आहेत. तुमी उचला… हिरवं. हिरवं दाबा. हं.

आता कानाले लावा. हॅलो म्हना आधी.